निनाईच्या डोहाची मोजणी

१

सकाळी सव्वासहा. बोरगेवाडीच्या निनाईच्या डोहात मोठे मासे मरून तरंगत असल्याचं सरुबाई गुरव यांना दिसलं. तारीख ९ मे २००२, गुरुवार.

गगनबावड्याकडून कोल्हापूरच्या दिशेने उतरणारी नदी बोरगेवाडीपाशी एक वळण घेते. वळणावर निनाईचं देऊळ, देवळापुढे दगडी घाट आणि घाटाखाली हा डोह. इथला मासा कुणी धरत नाही. नवस फिटला की लोक घाटावरून भात सोडतात आणि खडस जातीचे हातहातभर मासे पायरीपर्यंत येऊन तो खातात. फार मोठा नवस असेल तर माशाच्या ओठात नथ घालायची चाल होती. अशी नथवाली मासळी अलीकडे एकच उरली होती. त्या सकाळी तीही पोट वर करून तरंगत होती.

रुद्राप्पा आजरी दुपारी पोहोचले. मत्स्य खात्यातून निवृत्त होऊन ते नेसरीला शेती बघत होते. नदीतली नैसर्गिक मासळी मोजण्याच्या सरकारी योजनेची तीन वर्षं त्या महिन्यात संपणार होती. योजना पुढे चालवायची की बंद करायची, यावर अहवाल द्यायला खात्याने त्यांना नेमलं होतं. मोजणी खरी ठरली तर निधी चालू राहणार होता आणि नदीचा हा पट्टा राखीव होणार होता. खोटी ठरली तर फाईल बंद. बोरगेवाडीला ते तसेही त्याच आठवड्यात येणार होते. मेलेल्या माशांची बातमी कळली तेव्हा ते कोल्हापुरात योजनाप्रमुख डॉ. पृथ्वीराज इंगवले यांच्याबरोबर चहा पीत होते. दोघं एकाच जीपने निघाले.

घाटावर ओल्या पोत्यांखाली चाळीसेक मासे ओळीने मांडले होते. सकाळपासून गावातली दहा-बारा माणसं त्यांच्याभोवती बसून होती. कुणाला हात लावू देत नव्हती.

"आलं बघा मोजणारं," त्यातला एक जण म्हणाला. "ह्यांच्याच कातरीनं मेल्यात मासं. बघा की, समद्यांचं पर कापल्यात."

रुद्राप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि पोतं बाजूला केलं. माणूस खरं बोलत होता. माशांच्या पोटाखाली परांची जोडी असते. समोरच्या प्रत्येक माशाचा त्यातला डावा पर कापलेला होता. योजनेची खूण तीच होती. मासा धरायचा, मोजायचा, डावा पर कापून सोडून द्यायचा. पुढच्या खेपेला जाळ्यात येणाऱ्यांत कापलेले किती आणि कोरे किती, यावरून पाण्यात एकूण मासे किती याचा हिशेब लागतो.

इंगवल्यांनी मागूनच पाहिलं. त्यांना दुःख झालेलं दिसत होतं, पण त्यात थोडा दिलासाही होता. "आजरी साहेब, अहवालात आम्ही काय म्हटलंय? डोहातले जवळजवळ सगळे मोठे खडस खूण केलेले आहेत. समोर पुरावा आहे."

 एकेक मासा उलटवत रुद्राप्पा ओळीच्या शेवटाला आले. तिथे नथवाली होती, सगळ्यांत मोठी. तिचे दोन्ही पर शाबूत होते.

२

देवळाच्या धर्मशाळेत सोनम कांबळे बसली होती. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेली, योजनेवर कंत्राटी संशोधन सहायक. तीन वर्षांतल्या बोरगेवाडीच्या प्रत्येक मोजणीवर तिचीच सही होती. सकाळी नऊला एम-एटी या दुचाकीवरून ती आली तेव्हापासून गावकऱ्यांनी तिला धर्मशाळेबाहेर पडू दिलं नव्हतं. कारण तिच्या पायाशी होतं. नमुन्याचे मासे टिकवायच्या औषधाचा, फॉर्मालिनचा, रिकामा कॅन.

"हा इथं कोपऱ्यात असायचा," ती म्हणाली. "तो रिकामा बघून त्यांनी ठरवलं, मी डोहात औषध ओतलं. जानेवारीतच संपलंय ते. योजनेचा तिसरा हप्ता अडकला म्हणून नवीन आलं नाही. इंगवले सरांना विचारा."

"विचारतो. मासे बघितलेत का तुम्ही?"

"जवळ जाऊ देत नाहीत. लांबून सर म्हणाले, खुणा आहेत सगळ्यांना."

रुद्राप्पा उंबऱ्यावर टेकले. "मोजणीचा दिवस कसा असतो, ते सांगा. अगदी पहिल्यापासून."

"जोतीराम भोई डोहात जाळं टाकतात. मासे पाण्याच्या पिंपातून माझ्याकडे आणतात. मी लांबी घेते, खूण बघते, नसली तर पर कापते. मग ते परत नेऊन सोडतात."

"तुम्ही कुठं असता?"

"खाली, बंधाऱ्यापाशी, काठावरच्या झाडीआड. पाणी तिथून दिसत नाही."

"डोहाच्या घाटावर का नाही?"

सोनमने खिडकीबाहेर पाहिलं. "पहिल्या दिवशी आले, तर माझी खुर्ची बंधाऱ्याजवळ मांडलेली होती. धोंडीराम गुरवांनी. वर येऊ नका, असं मला कुणी म्हटलं नाही. आजतागायत नाही. खुर्ची तेवढी दर महिन्याला खालीच असते."

"तुम्ही सरांना सांगितलंत?"

"काय सांगू? खुर्ची खाली आहे म्हणून? काम अडत नव्हतं." मग ती म्हणाली, "आजरी साहेब, मला दुसरी नोकरी मिळेल. पण तीन वर्षांचे आकडे खोटे, असं एकदा कागदावर गेलं तर माझ्या नावावर तेवढंच राहील. मी एकही आकडा बसल्या जागी भरलेला नाही."

बाहेर कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. रुद्राप्पा उठले. दारातून त्यांनी डोहाकडे पाहिलं. घाटाच्या शेवटच्या पायरीशी, उथळ पाण्यात, बोटभर लांबीचे मासे थव्याने तोंड वर काढून हवा घेत होते. ते जिवंत होते.

३

धोंडीराम गुरव देवळाच्या ओट्यावर बसले होते. देवीची पूजा त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. अंगावर कोरडं धोतर, कपाळ मोकळं.

"या पावणं. बसा. पानी हाय, च्या न्हाय. आज चूल पेटली न्हाय घरात."

"राहू दे. मासे पहिल्यांदा कुणी बघितले?"

"आमच्या मंडळीनी. भात सोडाय आलती सकाळी."

"तुम्ही त्या वेळी कुठं होता?"

"हतंच की. पाच वाजल्यापास्नं देवळात. रोजचं हाय माझं."

त्यांनी कमरेची चंची सोडली, पान काढलं, चुना लावला. अख्खी सुपारी हातात घेऊन चंचीत चाचपलं. मग सुपारी ओट्यावर ठेवून एका गोट्याने ठेचली. रुद्राप्पांना त्यांनी विड्यासाठी विचारलं, त्यांनी मान हलवली.

"मासं बी खात न्हाईसा, पान बी खात न्हाईसा. नेसरीकडचं लिंगायत तुमी. मग खात्यात काय केलंसा जन्मभर?"

"माशांना मोजत होतो. खायचे असते तर मोजायला जमलं नसतं."

धोंडीराम हसले. "ह्या मोजणीनं लई भलं झालं बघा. आदी रातचं टोटं लावायची माणसं वरच्या अंगाला. बार उडवून मासं मारायची. सरकारचा बोरड लागला, तवापास्नं एक फिरकला न्हाय. देवीपरास त्या बोरडाला भ्यालं लोक."

तो फलक घाटाच्या तोंडाशीच होता. त्यावर माशाचं चित्र होतं, डाव्या परावर लाल फुली होती आणि खाली लिहिलं होतं, खूण केलेला मासा आढळल्यास कळवावे.

"योजना बंद झाली तर?"

"बोरड जाईल. माणसं येतील." धोंडीरामांनी पिंक टाकली. "म्हणून म्हनतो सायेब, जरा संबाळून लिवा."

रुद्राप्पांनी चपला काढल्या आणि देवीच्या दर्शनाला आत गेले. गाभाऱ्यात वास शिळा होता. देवीच्या गळ्यातली झेंडूची माळ सुकलेली, समईत काजळी. ते बाहेर आले तेव्हा सरुबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर भाताचं भगुणं तसंच होतं.

"अक्का, तुम्ही आलात तेव्हा हे कुठं होते?"

"घाटावर," सरुबाई म्हणाल्या. "पाण्याकडं बघत हुबं हुते. मला बघून म्हनाले, वरड, गाव गोळा कर."

ओट्यावरून धोंडीरामांचा आवाज आला. "अगं, पूजंतनं उठून आलतो मी."

सरुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि भगुण्यावर पदर टाकला.

४

जोतीराम भोई बंधाऱ्यावर सापडला. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा; पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत लाकडी बरगे घालून पाणी अडवायचं, पाऊस आला की काढायचे. मे महिना असल्याने बरगे जागेवर होते. फटींतून पाणी पांढऱ्या फेसाने खाली कोसळत होतं.

जोतीराम चाळिशीचा होता. हातात दोरी होती, ती तो उगाच वळत होता.

"इथं खाली मासे मेलेत का?" रुद्राप्पांनी विचारलं.

"न्हाय. एक बी न्हाय."

"जाळं आहे ना? टाका."

"हतं?"

"इथंच. बंधाऱ्याच्या खाली."

इंगवले जीपकडून आले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "आजरी साहेब, आता याची काय गरज? जिवंत माशांचं नंतर बघू. आधी पाण्याचा नमुना कोल्हापूरला पोचायला हवा."

"तुम्ही घेऊन जा. पण दहा मिनिटं थांबा. कांबळे मॅडमना बोलवा. गावाने अडवलं तर सांगा, मी बोलावलंय."

सोनम आली. तिच्यामागून धोंडीराम आणि दोघं-तिघं गावकरी आले आणि लांबच उभे राहिले. जोतीरामने फेकजाळं खांद्यावर घेतलं. कितीतरी वेळ तो पाण्याकडे बघत राहिला. मग टाकलं. जाळं गोल उघडलं आणि बुडालं.

तीन खडस आले. वीतभरापेक्षा मोठे, सोनेरी खवल्यांचे, जाळ्यात आपटत होते. सोनमने सवयीने हात ओला केला, पहिला मासा पिंपात धरला आणि त्याचं पोट वर वळवलं.

तिने दुसरा बघितला. तिसराही बघितला.

"हे माझे आहेत," ती म्हणाली.

तिन्ही माशांचा पोटाखालचा डावा पर अर्धा कापलेला होता, तिरका. कापल्या जागी कडा जाड होऊन वळली होती. जुन्या, भरून आलेल्या जखमा.

सोनमने जोतीरामकडे पाहिलं. जोतीरामने दोरी खाली ठेवली.

"डोहातले मासे इथं कसे आले, जोतीरामदादा?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "आठ महिने बरगे असतात. मासा बंधारा ओलांडत नाही."

"आलं न्हाईत, म्याडम," जोतीराम म्हणाला. "हतलंच हाईत ती."

५

रुद्राप्पा, इंगवले, सोनम, धोंडीराम आणि जोतीराम, असे पाच जण धर्मशाळेत बसले. दार लोटून घेतलं होतं. दारापलीकडे गावाचा आवाज होता.

"आधी मासे कशाने मेले ते बोलू," रुद्राप्पा म्हणाले. "औषधाने मेले असते, तर बारके आधी गेले असते. ते पायरीशी जिवंत आहेत, वरच्या थरातली हवा घेताहेत. मोठ्यांची तोंडं उघडी आहेत, कल्ल्यांची झाकणं ताणलेली. गुदमरून मेलेत ते. पाण्यातला प्राणवायूच संपला. वरच्या अंगाने रात्री काहीतरी आलं. बंधाऱ्यावरून पाणी आपटत खाली पडतं, त्यात हवा मिसळते, म्हणून खालचे वाचले. तो कॅन रिकामा असो की भरलेला, त्याचा याच्याशी संबंध नाही. कांबळे मॅडमनी काही ओतलेलं नाही. हे मी बाहेर जाऊन गावालाही सांगणार आहे."

सोनमने मान हलवली. तिला त्याचं विशेष वाटलेलं दिसलं नाही. ती दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होती.

"आता पर. घाटावरच्या माशांचे डावे पर कापलेत. पण मुळापासून. मॅडम अर्धा कापतात, तिरका. जिवंत माशाचा पर कापला की मुळाशी रक्त साकळतं, पुढे कड जाड होते. घाटावरच्या एकाही माशाला रक्ताची रेघ नाही. मेल्यावर कापलेत, आज सकाळी. कुणी? मॅडम नऊला आल्या, तोवर गाव माशांभोवती बसलं होतं. इंगवले साहेब माझ्याबरोबर होते. शिवाय या दोघांना किती कापायचा ते ठाऊक आहे. जोतीरामलाही ठाऊक आहे, दर महिन्याला शेजारी बसून बघतो. ज्याने कापले त्याला फक्त कुठला पर, एवढंच माहीत होतं. ते फलकावर आहे. किती, ते फलकावर नाही."

सोनम पुढे सरकून बसली.

"आणि नथवालीला त्याने हात लावला नाही. तिच्याकडे तर तपासणाऱ्याची नजर पहिली जाणार. चुकून राहिली म्हणावं, तर ती सगळ्यांत मोठी. तिला हत्यार लावायचं त्याच्याच्याने झालं नाही."

रुद्राप्पांनी धोंडीरामांकडे पाहिलं. "मामा, अडकित्ता कुठं गेला?"

धोंडीरामांचा हात चंचीवर गेला आणि तिथेच राहिला.

"कापलेल्या मुळाची एक बाजू धारेची आहे, दुसरी दाबून चेपलेली. कातरीने दोन्ही बाजू सारख्या कापल्या जातात. अडकित्त्याने तसं होत नाही. धुऊन परत चंचीत ठेवला असतात, तर मला सांगता आलं नसतं. पण देवीच्या मेलेल्या माशाला लागलेल्या अडकित्त्याने तुम्ही सुपारी कातरणार नाही. पहाटेपासून देवळात होता म्हणता, तर देवीच्या गळ्यात कालची माळ आहे. मेलेल्याला शिवलेल्या हाताने तुम्ही गाभाऱ्यात गेला नाहीत."

धोंडीरामांनी हात खाली घेतला. "डोहात टाकला."

"का, मामा?" हे सोनमने विचारलं.

"का म्हंजे? तपासणीवालं येनार ह्या आठवड्यात, म्हाईत हुतं मला. मासं मेल्यालं, एकाला बी खून न्हाय. कागुद म्हंतोय समद्यास्नी खून हाय. मग? योजना बंद. बोरड बंद. ज्येनी मारलं ती मोकळं." ते जोतीरामकडे वळले. "ह्यो म्हनला, देवीच्या डोहात जाळं टाकनार न्हाय. माज्या बानं टाकलं न्हाय, आज्यानं टाकलं न्हाय. मीच म्हनलो, मग खालनं धर. पानी एकच की. बाईंची खुर्ची खाली झाडीआड घातली, म्हंजे त्यास्नी दिसू ने."

"दिसू नये म्हणून?" सोनमने विचारलं.

धोंडीरामांनी नजर काढून घेतली. "त्ये बी. आनि दुसरं बी. खोटं कशाला बोलू. दोन्ही साधलं त्यात."

 जोतीराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्याडम, एक बी मासा तुमाला खोटा आनला न्हाय मी. जिथनं धरला तितंच सोडलाय. म्हनलं, नदी एकच हाय, मासं बी एकच."

"पावसात बरगे निघायचे तेव्हा तरी खालचा एखादा वर जाईल, असं वाटलं होतं?" रुद्राप्पांनी विचारलं.

"व्हय. जाईल म्हनलं."

"चाळीसांत एकालाही जुनी खूण नव्हती, हे कापायच्या आधी मामांनीच बघितलंय. खडस आपला डोह सोडत नाही."

६

इंगवल्यांनी रुद्राप्पांना जीपजवळ गाठलं. उन्हं कलली होती. पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून झाल्या होत्या.

"आजरी साहेब, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. परांचं लिहूच नका, एवढंच म्हणतो. वर कोण काय सोडतंय, ते शोधायचं तर आधी किती मासे होते ते सांगावं लागतं. आपण सांगतोय, डोहात इतके होते. आता तुम्ही लिहिणार, तो आकडा या डोहाचा नाहीच. मग नुकसान कशाचं? मेलेले चाळीस म्हणजे डोहातले सगळे, की दहातला एक? समोरचा वकील हसेल."

"खरं आहे."

"मग?"

"त्यांना विचारू," रुद्राप्पा म्हणाले. "सही त्यांची आहे."

सोनम गाडीला किल्ली लावत होती. तिने दोघांचंही ऐकून घेतलं.

"सर म्हणतात तसं केलं, तर माझं नाव स्वच्छ राहतं," ती म्हणाली.

"राहतं."

"आणि योजना चालू राहिली, तर पुढच्या महिन्यात मी परत तिथेच बसायचं. खाली. मला काहीच माहीत नसल्यासारखं."

इंगवले म्हणाले, "सोनम, भावनेच्या भरात..."

"सर, ठिकाण चुकलं, मोजणी नाही. बंधाऱ्याखालच्या खडसांची तीन वर्षांची नोंद आहे ती, आणि ती खरी आहे. तसंच लिहा. डोहाची मोजणी कधी झालीच नाही, हेही लिहा." ती रुद्राप्पांकडे वळली. "का झाली नाही, तेही लिहाल का? खुर्चीसकट?"

"लिहीन."

"मग लिहा."

तिने एम-एटीला किक मारली. दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. घाटाच्या चढावर लोक बाजूला झाले. 

७

रुद्राप्पा आजरी यांचा अहवाल १७ मे रोजी खात्याकडे गेला. त्यात बोरगेवाडीचं ठिकाण बदलून 'बंधाऱ्याखालील पात्र' असं करण्याची शिफारस होती. निनाईच्या डोहाची मोजणी झालेली नाही, असं स्वतंत्र कलमात नमूद होतं. खुर्चीचा उल्लेख त्याच कलमात होता. योजना बंद करू नये, असं शेवटी लिहिलं होतं. महिनाअखेर योजनेची मुदत संपली. वाढीव निधीबाबत निर्णय झालेला नाही, असं उत्तर आलं.

पाण्याच्या नमुन्याचा अहवाल आलेला नाही. नमुना पोहोचल्याची पावती इंगवल्यांकडे आहे. बाटल्यांची झाकणं सैल असल्याने नमुना पुन्हा पाठवावा, असं प्रयोगशाळेतून तोंडी कळवण्यात आलं. तोवर डोहातलं पाणी बदललं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, बरगे काढण्याच्या आधी, धोंडीरामांनी देवीला कौल लावला. डोहात जाळं टाकायची परवानगी मागितली. उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार. गावातल्या काहींनी ते मान्य केलं नाही, पण कुणी आडवं आलं नाही. निरोप मिळाल्यावर सोनम स्वतःच्या खर्चाने आली. ती घाटाच्या वरच्या पायरीवर बसली, तेव्हा सरुबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. जोतीराम छातीभर पाण्यात उतरला. आधी त्याने पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मग जाळं टाकलं. दुपारपर्यंत तो टाकत राहिला. बारके मासे आले, सापासारखी लांब वांब आली. खडस आला नाही.

"काय लिवायचं म्याडम?" त्याने पाण्यातूनच विचारलं.

"शून्य," सोनम म्हणाली. "आजची तारीख, निनाईचा डोह, खडस शून्य. पहिली मोजणी."

ती नोंद तिने खात्याला टपालाने पाठवली. योजनाच अस्तित्वात नसल्याने ती कुठल्या फाईलला लावायची, याची विचारणा करणारं पत्र तिला आलं.

११ जूनच्या दुपारी रुद्राप्पांना नेसरीला फोन आला. गगनबावड्याच्या बाजूने, बोरगेवाडीच्या आणखी वरच्या अंगाला असलेल्या एका डोहात मोठे मासे तरंगू लागले होते. फोन करणाऱ्याने आपलं नाव सांगितलं नाही. किती मासे आहेत, असं रुद्राप्पांनी विचारलं. लई हाईत, तो म्हणाला. आधी किती होते, असं त्यांनी विचारलं. ते कुणी मोजलेलं नव्हतं.